पांढरं दिसलं की

एकतीस वर्षं सातपूरला फिटर होतो.
पीसवर ओरखडा दिसला की रिजेक्ट.
लाल खडूचा फराटा, मग भंगाराची पेटी,
आणि खैरनार साहेबांची नजर दिवसभर पाठीवर.

आता पांडवलेण्याच्या पायथ्याशी, नर्सरीच्या पत्र्याखाली
तीच बारीक कानस घेऊन बसतो
आणि ओरखडा पाडायचे पैसे मिळतात.
घरी सांगितलं तेव्हा शकुंतला हसली नाही.
म्हणाली, किती मिळतात?

बाहवा.
गेल्या सालच्या काळ्या शेंगा, पोलिसाच्या दंडुक्याएवढ्या.
दगडावर धरून फोडायच्या.
आत डांबरासारखा गर, चकत्यांनी पाडलेल्या खोल्या,
खोलीत एकच भाडेकरू:
तांबूस, चपटा, अंगावर पाणी ठरू न देणारा.
अशी फिनिश मला आयुष्यात जमली नाही.

पहिल्या दिवशी शंभर घासल्या.
एकसारख्या, मापात.
चौथ्या दिवशी शंभरच्या शंभर
वास मारायला लागल्या.

मोहनाबाई बेंडकोळी, हरसूलकडच्या,
पिशव्यांत माती भरता भरता बघत होत्या.
एक कुजलेलं बी त्यांनी नखावर घेतलं.
"दादा, डोळाच घासला की तुम्ही.
हा ठिपका बघा, इथनं ते शेंगेला धरून होतं.
इथंच जीव निजलेला असतो.
पाठीकडून घासा. आणि लई नको,
पांढरं दिसलं की हात उचला."

पांढरं दिसलं की हात उचला.
असा टॉलरन्स कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हता.

हळूहळू कळत गेलं, कोणाला काय लागतं.
शिरीषाला उकळी येऊन उतरवलेलं पाणी,
चहाच्याच पातेल्यातलं, मग रात्रभर झाकण.
सागाला फर्स्ट शिफ्ट ऊन, थर्ड शिफ्ट पाणी,
असे आठ-दहा दिवस, कामगार असता तर युनियनकडे गेला असता.
बाभळीला मोहनाबाई हातही लावत नाहीत.
शेंगा शेळ्यांपुढे टाकतात.
रात्री रवंथ करता करता शेळ्या बी थुंकतात,
सकाळी खराट्यानं गोळा करायचं.
"तुमची कानस दिवसाला दोनशे.
आमची चंद्री झोपेत चारशे करते."

चैत्रातल्या एका दुपारी
जेवण झाल्यावर त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली.
पाच सागरगोटे. करडे, गुळगुळीत,
वापरून वापरून चकाकी आलेले.
"माझे अन् पारीचे. थोरली माझी.
ती नांदायला गेली अन् डाव मोडला.
चाळीस वर्षं तरी झाली असतील.
लागतील का?"

मी म्हणालो, बघू.
शेगड्यात कापडाची घडी घालून पहिला पकडला.
आधी डोळा शोधला. मग पाठ फिरवली.
बारीक कानस नुसती घसरत राहिली,
मग जाड काढली,
आवाज थेट बिडाचा.
एकाला अर्धा तास. कपाळाचा घाम शेगड्यावर.
करडी पूड, मग पिवळट,
मग पांढरं.
हात उचलला.

चार झाले.
पाचव्यासाठी हात पुढे केला तर त्यांनी मूठ मिटली.
"हा राहू दे."
का, ते मी विचारलं नाही.
त्यांनी तो वर उडवला, उलट्या पंजावर झेलला,
एकदाच,
आणि माती भरायला गेल्या.

चारही मी कोमट पाण्यात घालून घरी आणले,
कंपनीनं पंचवीस वर्षांना दिलेल्या डब्यात.
शकुंतलेनं नखांतली पूड पाहिली.
"आज कुठला पार्ट?"
मी म्हणालो, जुना आहे, रिपेअरला आलाय.

पहाटे झाकण उघडलं.
दोन टम्म फुगलेत.
एक आहे तसाच, दगड.
चौथ्यात बहुतेक मी जास्त खोल गेलो,
पाणी किंचित गढूळ आहे.

मोहनाबाईंची बस नऊला येते.
डबा पिशवीत उभा ठेवलाय.
सांडू नये म्हणून
आज सायकल हातात धरून चालत जाईन.